विनयाने न दिलेलं उत्तर

"मुट्ठी बंद कीजिए," विनया म्हणाली, आणि समोरच्या तरुणाच्या तोंडून निघून गेलं, "आई गं, केवढी ही सुई!"

तिला हसू फुटलं. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली विनया मराठी बोलायची ती फक्त घरी. गुडगावच्या या लॅबमध्ये मराठी कानावर पडेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"सुई छोटीच आहे. तुम्ही घाबरट आहात."

तो चमकला. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, तरी त्यांत हसू उमटलं. नचिकेत मूळचा पुण्याचा, मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत इंजिनिअर. इथे एकटाच राहायचा.

"कावीळ कुठली ते कसं कळणार?"

"हिपॅटायटिस ए असेल तर रक्तात अँटीबॉडी सापडतील. आयजीएम म्हणजे नवी लागण. नुसती आयजीजी असेल तर जुनी... ती बहुधा आयुष्यभर राहते."

"अच्छा... म्हणजे आपली ओळख सध्या आयजीएम?"

"बिल्कुल," म्हणताना तिने कापूस जरा जास्तच वेळ दाबून धरला.

आयजीएम पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. बहुतेक सगळे बरे होतात म्हणाले. चौकशीसाठी केलेल्या फोनचे रोजचे फोन झाले, तुम्हीचं तू झालं. लॅब सुटल्यावर विनया मऊ भात घेऊन त्याच्याकडे जायची. दोन घास जेमतेम जायचे, पण तो तिच्याकडे बघत राहायचा.

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज जड होता.

"विनया... लग्न करशील माझ्याशी?"

'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं—

"आई कुठंय? दिवा कुणी मालवला?"

बाहेर मे महिन्याचं लख्ख ऊन होतं. काविळीत माणूस असं भ्रमल्यासारखं बोलायला लागला, की यकृत हरत चाललेलं असतं, हे विनया शिकली होती.

"नचिकेत, दार उघडून ठेव. मी येतेय!"

अँब्युलन्समध्ये त्याने तिला ओळखलं नाही.

असं क्वचितच कुणाला होतं, डॉक्टर म्हणाले. तो वाचला. त्याचे आईवडील धावत आले होते; आता ते त्याला पुण्याला न्यायला निघाले. नोकरी सोडायचं ठरलं होतं.

रुग्णालयाच्या दारात टॅक्सी उभी होती.

"तुझ्यामुळे वाचलो म्हणे मी," नचिकेत म्हणाला. "मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही गं. फोनवर काय बोललो होतो?"

सांगावं? पण शुद्ध हरपताना सुटलेल्या शब्दात त्याला अडकवायचं... आणि उपकाराच्या ओझ्याखाली तो 'हो, तेच म्हणायचं होतं' म्हणाला तर? ते खरं होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नसतं.

"पाणी मागत होतास."

"एवढंच?"

"एवढंच."

काहीतरी शोधत असल्यासारखा तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला... मग आईने हाक मारली.

टॅक्सी वळणाआड गेली, तरी विनया उन्हात उभीच होती. एक रिक्षा शेजारी येऊन थांबली.

"मॅडम, कहाँ जाना है?"

तिने पुन्हा एकदा त्या वळणाकडे पाहिलं.