सकाळी अकराचा वर्ग

“हजेरी कानानं घ्यावी गं. डोळ्यांना काय, बाकावर बसलेलं मूल दिसतं. ते खिडकीतून कधीच पळालेलं असतं.”

शाळेच्या थोरल्या बाईंचा तो खर्जातला आवाज बालवर्गाच्या बाईंनी ऐकला त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या वर्गात ‘हजर’ हा शब्दच नव्हता. प्रत्येक मुलाला बाईंनी ठेवलेलं एक लाडाचं नाव, आणि टाळी मात्र ज्याची त्यानं घडवायची. भोपळ्याची एकच, पण भिंत हादरेल अशी. बोक्याची स्वतःच्या गालावर, घंटीची डोक्यावर हात नेऊन. खारूताईची दोन सावकाश, तीन घाईच्या; फांदीवर थबकावं आणि सुर्रकन पळावं तशी.

मग साथ आली. शाळेला कुलूप लागलं, रस्ते ओस पडले आणि वर्ग फोनवर भरू लागला. सकाळी अकराला नऊ घरं एका फोनमध्ये गोळा व्हायची. टाळ्या एकमेकींवर आदळून नुसता कडकडाट होई, म्हणून बाईंनी टाळ्या बंद केल्या. फोन जोडला गेला की वहीत खूण. झालं.

त्याऐवजी नवा खेळ आला. एकानं घरातला आवाज ऐकवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. आधी सगळ्यांनी एका सुरात, म्हणजे नऊ सुरांत, म्हणायचं:

वाऱ्या वाऱ्या, दार उघड,
घरात आहे कोण?
डोळे मिटून सांगू आम्ही,
कान आम्हाला दोन!

नळ, कात्री, शिट्टी मारणारा कुकर, कुरकुरणारी खुर्ची. एकदा घंटीनं फोन कशाजवळ तरी धरला.

“करवत!” भोपळा ओरडला.

“चूक! आजोबा घोरतायत!”

“आजोबा जागे आहेत गं!” लांबून आवाज आला. “नाक चोंदलंय माझं!”

त्या दिवशी आठ घरं हसून लोळली. बाईंच्या एकटीच्या घरातही तो हशा दुपारभर दरवळत राहिला.

खारूताईची पाळी आली की तिचे बाबा बोलत. तिची आई दवाखान्यात, साथीच्या वॉर्डात नर्स. तीन आठवडे घरी आलेली नव्हती. “लाजतेय हो ती,” बाबा मऊ आवाजात म्हणत. “पुढच्याला घ्या.” बाई पुढच्याला घेत.

तिसऱ्या आठवड्यात, भोपळ्याच्या पाळीला, आवाज आला. दबलेला, लांबचा. ठक. ठक. मग भराभर काहीतरी.

“कपाट!” घंटी म्हणाली.

“कपाटच. पण आतून,” बोका म्हणाला.

“तुला कसं कळलं रे?”

“लपाछपीत मी कपाटातच असतो ना, बाई. बाहेरून वाजवलं की टण्‌ वाजतं. आतून वाजवलं की कपडे आवाज खातात.”

“पण मी अजून वाजवलंच नाही!” भोपळा रडकुंडीला आला. “मी ताट घेऊन बसलोय!”

“आमच्याकडे कपाट नाहीच हो बाई,” मागून त्याची आई म्हणाली. “दोन ट्रंका आहेत.”

दुसऱ्या दिवशी तोच आवाज घंटीच्या फोनमधून आला. तिसऱ्या दिवशी बोक्याच्या. मुलांना मोठी गंमत वाटली. “आज कपाट कोणाकडे पाहुणं?” असं ती फोन लागल्या लागल्याच विचारू लागली.

बाई अशा गोष्टींना भीक घालणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोन दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. तो मास्कआडून हसला. “एकाचा आवाज दुसऱ्याच्या तारेत शिरायचा तो जमाना गेला, बाई. इथं तारच कुठंय?”

बुधवारपर्यंत बाकीची आठही घरं झाली. गुरुवारी खारूताईची पाळी. फोन जोडलेला होता. पण आतून पंख्याची घरघरसुद्धा येत नव्हती.

आणि बाईंच्या पाठीमागे, त्यांच्याच स्वयंपाकघरात, वाजलं.

ठक. ठक. ठकठकठक.

त्यांच्या स्वयंपाकघरात उघड्या फळ्या होत्या. दार असलेलं काहीच नव्हतं.

“बाई,” घंटी आनंदानं किंचाळली, “खारूताई तुमच्याकडे आलीय? ही तर तिची टाळी!”

बाईंनी वही ओढली. खारूताईपुढे एकोणीस खुणा.

एकोणीस दिवसांत तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

“मुलांनो, आज लवकर सुट्टी,” त्या म्हणाल्या. पहिला फोन त्यांनी मुलांच्या मदतीच्या नंबरावर केला आणि दुसरा घरोघर ताप तपासत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला. “माझ्याकडे पुरावा नाही,” त्या दोघांना म्हणाल्या. “पण आत्ता जा.”

बाराच्या आत आरोग्यसेविका दोन पोलीस घेऊन त्या दारात उभी होती.

“ती झोपलीय,” बाबा मऊ आवाजात म्हणाले.

“झोपलेल्यांनाही ताप येतो. व्हा बाजूला.”

कपाट आतल्या खोलीत होतं. बाहेरून कडी. मनगटांवर, दंडावर, पाठीवर वळ होते, काही पिवळे पडलेले, काही ताजे. उजेडानं डोळे बारीक करून खारूताईनं विचारलं, “अकरा वाजले?”

आरोग्यसेविकेनं तिला उचललं, ती दवाखान्यापर्यंत खाली ठेवली नाही. बाबांना पोलीस घेऊन गेले. आई वॉर्डातून धावत आली ती लेकीला घेऊन थेट बहिणीकडे गेली. त्या घराकडे पुन्हा कोणी फिरकलं नाही. कुलूप तेवढं लागलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी अकराला, मावशीच्या फोनवरून टाळी आली. मग कोण ऐकतंय! आठ टाळ्या एकदम फुटल्या, घंटीच्या आजोबांनी नववी दिली, बोक्यानं गाल लाल करून घेतला. बाईंनी डोळे पुसले आणि त्या कडकडाटाला तसाच वाजू दिला. तो दिवस नुसता पाऱ्यासारखा चमकत गेला.

वर्ग सुटला. एकेक फोन बंद झाला. एक राहिला.

“बोल की गं खारूताई.”

“बाई, कोणाला सांगितलं नाही मी. आईला पण नाही.”

“मला सांग.”

“कपाट मी नव्हतं वाजवलं. माझे हात बांधलेले होते.”

“मग कोणी गं?”

“वाजवत ती होती. मी फक्त तिला कसं वाजवायचं ते सांगितलं. ती माझ्या आधीपासून आत होती, बाई. सगळ्यांनी मलाच बाहेर काढलं.”