हिरव्या घंटेचा सेट

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये जुन्या क्रोकरीचं एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते मालकाचा मान राखून. एरवी तो एक बोळ आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत बश्या रचलेल्या, आणि मधून एका वेळी एकच गिऱ्हाईक जाऊ शकतं, तेही नाश्ता न केलेलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी या बोळात दोन गिऱ्हाइकं दोन टोकांनी शिरली आणि दोघांचा हात एकाच प्लेटवर पडला.

प्लेट पांढरीशुभ्र. कडेने काटेरी हिरवी पानं, पानांत लाल फळांचे घोस. अस्मिताने प्लेट न सोडता मान वाकडी करून तिची पाठ पाहिली. पाठीवर बनवणाऱ्या कंपनीची खूण, छोटी हिरवी घंटा, छापलेली होती. तिने पकड आणखी घट्ट केली.

समोरच्याचा हात मात्र जागचा हलला नाही. हात बरा होता. नखांत माती होती, पण बरा होता.

"मी आधी धरली," अस्मिता म्हणाली.

"मी आधी बघितली होती," तो म्हणाला. "मागच्या रविवारी. तेव्हा पैसे नव्हते."

"तुम्ही हिचं करणार काय?"

"कुंडीखाली ठेवणार. पाणी सांडत नाही खाली."

अस्मिता अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होती. दिवसाचे आठ तास लोकांच्या चुका शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय होती. तरी तिला दोन वेळा श्वास घ्यावा लागला.

"ही ख्रिसमसची पोर्सलेन आहे," ती म्हणाली. "साठ-सत्तर वर्षं जुनी. कल्याणच्या रेल्वे बंगल्यांतली अँग्लो-इंडियन माणसं परदेशी गेली, त्यांचे सेट फुटून असे विखुरले. माझ्याकडे अकरा आहेत. पाच वर्षं शोधतेय मी बारावी. आणि तुम्ही हिच्यावर मनीप्लांट ठेवणार?"

"मनीप्लांट नाही. जास्वंद."

गल्ल्यावरचे चाचा इतका वेळ मोबाईल बघत होते. ते मान वर न करता म्हणाले, "साईं, दे दो ना मॅडम को. आप का पौधा कोई भी थाली में पानी पी लेगा."

त्याने हात काढला. पण काढता काढता पानं नीट न्याहाळली. "हे झाड आपल्या हवेत दोन दिवस नाही टिकणार."

"म्हणून तर प्लेटीत आहे."

तो हसला. हसला तेव्हा अस्मिताच्या लक्षात आलं, की आपण प्लेट घट्ट पोटाशी धरून उभ्या आहोत आणि आता धरायची काही गरज उरलेली नाही.

त्याचं नाव कमलेश. बदलापूरजवळच्या सोनिवलीत वडिलांच्या जमिनीचा मोठा तुकडा टॉवरमध्ये गेला होता; उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर त्याची रोपांची नर्सरी होती. टॉवरमधली माणसं गॅलरीसाठी झाडं न्यायची, पंधरा दिवसांत मारायची आणि परत यायची. धंदा चांगला चालला होता.

पैसे देऊन ती वळली, तेव्हा तो मागून म्हणाला, "अहो... याच डिझाइनचं एक झाकणवालं मोठं भांडं आहे आमच्याकडे."

ती थांबली. "झाकण शाबूत?"

"एकदम. आत्या त्यात सुकट ठेवते."

पुढचे दोन रविवार अस्मिता सोनिवलीला नर्सरीत गेली. कारण असं सांगितलं गेलं, की कुंड्यांखालच्या बश्या तपासायच्या आहेत. ती एकेक कुंडी उचलायला लावायची आणि तो उचलायचा. पहिल्या रविवारी तीस कुंड्या झाल्या, घंटा एकाही बशीवर निघाली नाही. दुसऱ्या रविवारी त्याच तीस पुन्हा झाल्या. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुला बारा कशाला पाहिजेत?" त्याने एकदा विचारलं. 'अहो' मधल्या आठवड्यात कधीतरी गळून पडलं होतं. "ख्रिसमस तर तुमच्यात नसेल."

"पंचवीस डिसेंबर आहे की. महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती हीच तारीख. सकाळी विहारात कार्यक्रम असतो, मग दुपारी पप्पांचे मित्र आमच्याकडे जेवायला. मी पहिली प्लेट आणली तेव्हा वाटलं, पप्पा ओरडतील. त्यांनी उलटीपालटी केली आणि म्हणाले, नाताळची आहे का? असू दे, तारीख आपलीच आहे."

यात तिने आडनावापेक्षा जास्त सांगून टाकलं होतं. आता हा काय म्हणतो... ती जास्वंदीच्या कळीकडे पाहत राहिली. कळीला त्याचं काही नव्हतं.

कमलेशने हातातली कुंडी खाली ठेवली. "जेवायला काय असतं?"

"मटण."

"मग त्या भांड्याचं आत्याशी बोलायलाच पाहिजे," तो म्हणाला.

आत्याने भांडं द्यायला साफ नकार दिला, पण बघायला यायला हरकत नाही असा निरोप पाठवला. पुतळाआत्या ही कमलेशच्या घरची शेवटची वडीलधारी. आईवडलांमागे तिनेच त्याला वाढवला. तिचा शब्द त्या घरात, आणि शेजारच्या चार घरांत, चालत असे.

म्हणून बावीस तारखेला संध्याकाळी अस्मिता बदलापूर गावात त्यांच्या घरी गेली तेव्हा तिने फिकट निळा कुर्ता तीनदा बदलून पुन्हा तोच घातला होता. भांडं हवं होतं, हे खरं. पण रिक्षातून उतरताना भांड्याचा विचार तिच्या मनात नव्हता, हेही तितकंच खरं.

"ये गो बाय, बस," पुतळाआत्या म्हणाली. "या कमल्यानं डोकं खाल्लंय तुजं नाव घेऊन."

"आत्ये," कमलेश म्हणाला.

"गप. च्या आनतंव."

चहा आला. आत्याने स्टीलचा पेला स्वतःपुढे ठेवला, स्टीलचा पेला कमलेशपुढे ठेवला. आणि अस्मितापुढे, फडताळातून खास काढलेला, कान किंचित उडालेला एक चिनीमातीचा कप ठेवला. काटेरी पानं, लाल फळं. खाली बशी.

दुसरा कुठला दिवस असता, तर तिने तो उलटा करून घंटा शोधली असती. आज तिचे हात मांडीवरच राहिले.

तिच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या, लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या समाजाच्या माणसांचा कप बाहेर कोनाड्यात वेगळा असायचा. आपण काढायचा, आपण विसळायचा, परत ठेवायचा. आई हे एकदाच बोलली होती, भाजी निवडता निवडता, आणि परत कधी बोलली नाही. अस्मिताला मात्र तो कप न बघताही ओळखता आला असता. आता इथे, इतक्या हसऱ्या घरात, तिच्या सगळ्यात आवडत्या नक्षीत...

"मला स्टीलचा चालला असता," ती शक्य तितक्या सहज म्हणाली.

"पावन्याला स्टील?" आत्या म्हणाली.

गोड बोलून वेगळं ठेवणारी माणसं अस्मिताने ऑफिसात पाहिली होती. तिने अर्धा चहा प्यायला. उरलेला कपातच ठेवला. कमलेश तिच्याकडे बघत होता. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. मनातल्या मनात तिने ठरवूनही टाकलं – भांडं बघायचं, छान आहे म्हणायचं, आणि सोनिवलीच्या कुंड्या आता पुरे.

"निघते मी. अॅसिडिटी आहे थोडी."

"आनि च्या?" आत्याने कपात डोकावलं. "अर्धा तसाच? शेजारच्या म्हशीचं दूध हाय गो ते, टाकतान व्हय?"

आत्यानेच अस्मितापुढचा कप उचलला, उरलेला चहा बशीत ओतला आणि फुर्र करून एका दमात पिऊन टाकला. बशी खाली ठेवली. पदराने ओठ पुसले.

"साखर कमी परली," ती म्हणाली. "म्हनून नाय प्यायलीस. सांगायचं की."

अस्मिता उठता उठता पुन्हा खाली बसली.

"सहा कप होतं माज्या सासूचं," आत्या सांगत राहिली. "यो येकच रायला. पाच या कमल्यानं फोरलं."

"दोन, आत्ये. तीन मांजराने."

"मांजर तूच आनलंतंस."

"अजून करता का थोडा?" अस्मिता म्हणाली. "साखर जास्त घालून."

मग भांडं आलं. झाकण उघडताच सुकटीचा दरवळ घरभर झाला. अस्मिताने भांडं उलटं केलं. हिरवी घंटा. इतकी सुंदर वस्तू तिने इतक्या वासात कधी पाहिली नव्हती.

"इकाया नाय," आत्या म्हणाली. "जेवनाला न्यायचं तर ने. पन भांडं येकटं जानार नाय. मी बरोबर येनार."

रिक्षास्टँडपर्यंत कमलेश पोचवायला आला. हवेत गारवा होता, कोणीतरी पानं जाळत होतं.

"आत काय झालं होतं?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. हॉटेल, कोनाडा, कप... सगळं. तो चालता चालता थांबला.

"मी म्हणणार होतो, आमच्यात असलं काही नाही," तो म्हणाला. "पण ते खोटं ठरेल. याच आळीत दोन-तीन घरं आहेत... तिथे तुला वाटलं तेच खरं निघालं असतं."

"मग?"

"मग त्या घरांत मीही चहा घेणार नाही. आणखी काय करू, ते तू सांग." त्याने नखांतली माती उगाच खरवडली. "अस्मिता, कुंड्यांखाली घंटा नाही, हे मला पहिल्या रविवारीच माहीत होतं. दुसऱ्या रविवारी पण उचलल्या मी. कंबर धरली होती माझी मंगळवारपर्यंत. एवढ्यावरून काय ते समज."

"मला समजत नाही. नीट सांग."

"मला तू पाहिजेस. भांडं असो नसो."

रिक्षावाला मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागला होता. अस्मिता आत बसली. "पंचवीसला उत्तर देते," ती म्हणाली. "तोपर्यंत ते भांडं उन्हात ठेव. वास जायला पाहिजे."

वास गेला नाही. पंचवीसला दुपारी अंबरनाथला अस्मिताच्या घरच्या दोन खोल्यांत पाहुणे दोन पंगतींत जेवले, आणि मटणाच्या रश्श्याला यंदा काहीतरी खास चव आहे असं सगळ्यांचं मत पडलं. पुतळाआत्या चांगुणाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली, तीनदा रस्सा मागितला आणि मसाला कुठल्या गिरणीतून आणता याची चौकशी केली. अस्मिताचे पप्पा, रामभाऊ, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी कमलेशला पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. कोणकोणती पुस्तकं वाचलीस, एवढंच विचारलं. कमलेशने रोपांवरच्या दोन पुस्तकांची नावं सांगितली आणि तो घामाघूम झाला. रामभाऊ म्हणाले, "सुरुवात बरी आहे," आणि कपाटातून चार काढून त्याच्या हातात दिली.

पाहुणे गेले. अस्मिता मोरीत बसून प्लेटा घासायला लागली. त्या प्लेटा ती कोणाला धुवू देत नसे. आईलाही नाही, चांगुणाबाईंनी एकदा मदतीला हात पुढे केला होता आणि पुढचे दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. कमलेश पुस्तकं काखेत घेऊन दारात उभा राहिला.

"पंचवीस तारीख संपत आली," तो म्हणाला.

"चार वाजलेत."

"मला घाई आहे."

तिने ओली, निथळती प्लेट वर धरली. "पुस्तकं ठेव. ही पूस. दोन्ही हातांनी धर... कडेने नको."

"फुटली तर?"

"तर दुसरी शोधायला तू येशील. दर रविवारी. जन्मभर."

तो खाली बसला आणि फडकं घेऊन इतक्या सावकाश पुसायला लागला की एका प्लेटला पाच मिनिटं गेली. स्वयंपाकघरातून चांगुणाबाईंनी ते पाहिलं. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. तिथे रामभाऊ आणि पुतळाआत्या बडीशेप चघळत बसले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमची लेक त्याला प्लेटा पुसायला देतेय."

रामभाऊंनी चष्मा काढला. आत्याने डबीतली बडीशेप परत एकदा तळहातावर घेतली, थोडी रामभाऊंच्या हातावर ठेवली, थोडी चांगुणाबाईंच्या.

"मंग तारीख बगा," ती म्हणाली.