खालची पट्टी

लाइट गेली तर जाऊ द्या रे. आज लवकर येत नाही ती. गिटारी भिंतीला टेकवून ठेवा, वायरींत पाय अडकवू नका, आणि इकडे पायरीवर येऊन बसा. येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं त्यानं स्वतः मला सांगितलंय, आणि शेवटचा तुकडा तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

तुमच्या आधी या चर्चच्या बँडमध्ये दोघे भाऊ होते. थोरला सुतार, धाकटा वायरमन. थोरला बेस गिटार वाजवायचा, धाकटा इलेक्ट्रिक गिटार. मी ड्रमवर. आणि गायला थोरल्याची बायको. तिला सगळे वहिनीच म्हणायचो, अगदी पाळकसाहेबसुद्धा.

धाकटा म्हणजे अवलिया. गिटार हातात आली की समोर देव आहे का माणसं, याचं त्याला भान नसायचं. थोरला मागे उभा, डोळे अर्धे मिटलेले, बोटं चाललेली. लोक म्हणायचे, हा नक्की वाजवतो तरी काय? ऐकूच येत नाही. तर तो हसून म्हणायचा, "बेस म्हणजे मीठ. आहे तोवर कुणी नाव काढत नाही. नसलं की घास उतरत नाही."

आणि मग एक दिवस तोच राहिला नाही. दुकानात दाराच्या फळीला रंधा मारत होता. छातीला हात लावला, खाली बसला, आणि संपला. फळी अर्धी गुळगुळीत, अर्धी तशीच.

वहिनी रडली, सावरली, आणि दीड महिन्यानं गायला उभी राहिली. सगळ्यांना बरं वाटलं. पण तिच्या नेहमीच्या गाण्यातली उंच सुराची, वरची ओळ आली आणि तिचा आवाज फाटला. पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. सबंध चर्च खाली मान घालून बसलेलं. तिनं माइक स्टँडला लावला, आणि बाजूच्या दारानं निघून गेली. त्यानंतर यायची, पण शेवटच्या बाकावर बसायची.

पुढे एका शनिवारी तिनं दिराला बोलावून घेतलं. म्हणाली, "भाऊजी, तेवढा बेस तिथून हलवा."

"का हो वहिनी?"

"स्टँडवर उभा दिसला की मला वाटतं, हे पाणी प्यायला बाहेर गेलेत. आत्ता येतील."



तर तो निघाला. नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. थंडी पडायला लागली होती. किल्ली पाळकसाहेबांकडून घेतली. बेस कव्हरमध्ये घालायचा, आपली गिटार पण घ्यायची, आणि घरी यायचं. एवढंच काम.

बाकी, तो भिणाऱ्यातला नव्हता हं. वायरमनच तो. म्हणायचा, "भूत म्हणजे लूज कनेक्शन. स्क्रू आवळला की जातं."

आत आला. व्यासपीठावरचा एकच दिवा लावला. बाकं सगळी अंधारात. बेस उचलला आणि सहज तारांवरून अंगठा फिरवला. तारा उतरल्या होत्या. एखादी सैल पडणं वेगळं. इथे प्रत्येक तार सारखीच खाली, बरोब्बर एक सूर.

त्याला वाटलं, कुणी पोरासोरानं खुंट्यांचे कान पिळले असतील. त्यानं आपल्या सवयीनं एकेक तार चढवून नीट लावली. स्टँडवर ठेवला आणि पलीकडे आपली वायर गुंडाळायला वळला.

मागून आवाज आला. डुंऽऽऽ...

तार खाली उतरताना येतो ना, तसा. सावकाश. मग दुसरी. मग तिसरी.

त्यानं जाऊन पाहिलं. चारही तारा पुन्हा एक सूर खाली.

"खुंट्या गेल्यात," तो मोठ्यानं म्हणाला. अशा वेळी माणूस मोठ्यानंच बोलतो. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मागचे स्क्रू कचकचून आवळले. पुन्हा सूर लावला. बेस कव्हरमध्ये घातला, चेन ओढून बंद केली, आणि भिंतीला उभा केला.

आता निघायचं की नाही? पण आपली गिटार हातात आली, आणि भाऊ गेल्यापासून एकट्यानं ती वाजवलीच नव्हती. खुर्ची ओढून बसला. वायर लावली नाही, तशीच कोरडी वाजवायला घेतली. कुठलं गाणं? तेच. वहिनीचं.

पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली.

आणि बेस वाजला.

चेन लावलेल्या कव्हरच्या आतून.

(काय रे, एकदम जवळ सरकलास? बस, बस.)

त्याचे हात थांबले. बेसही थांबला.

काहीच आवाज नाही...

त्यानं पुन्हा एक ओळ वाजवली. आतून पुन्हा साथ आली. ठेका बरोबर. पण सूर चुकलेला. एक सूर खाली. ऐकवत नव्हतं. दाताखाली खडा यावा तसं.

दार लांब. दाराकडे जायचं तर त्या कव्हरला ओलांडून जायचं.

"कोण आहे?"

...

"दादा?"

...

बोटं आपोआप तारांवर गेली. वाजवलं. पुन्हा तेच. खाली. चुकीचं. आता जरा जोरात. हट्टानं.

तेव्हा तो जवळजवळ रडत म्हणाला, "दादा, पट्टी चुकतेय रे..."

आणि म्हणता म्हणता त्याचंच त्याला कळलं. दादा तर कधी चुकायचा नाही. सगळ्या जन्मात नाही. पट्टी फक्त एकदाच खाली आली होती. वहिनीला सर्दी झाली होती तेव्हा. भर उपासनेत, कुणालाही न विचारता थोरल्यानं खालून सूर धरला होता आणि याच्याकडे डोळे वटारून पाहिलं होतं. नंतर हा भांडला, तर एवढंच म्हणाला होता, "पट्टी गाणाऱ्याची असते छोट्या. वाजवणाऱ्याची नाही."



मग त्यानं आपल्या गिटारीचे कान पिळले. एकेक तार खाली. सूर लवकर सापडेना. शेवटी सापडला.

वाजवायला सुरुवात केली.

जमलं. दूध-साखर.

दोघांनी मिळून सबंध गाणं वाजवलं. ती वरची ओळ आली, तिच्याआधी वहिनी श्वास घ्यायची, तिथे बेस जरासा थांबला. नेहमीसारखा. तिच्यासाठी. मग पुढे गेला.

गाणं संपलं.

"दादा, बरा आहेस ना रे?"

...

"वहिनीला काय सांगू?"

...

"काहीतरी बोल की..."

दिवा जळत होता. बाकं गप्प. त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग उठला, कव्हर खांद्याला लावलं आणि घरी आला. मी त्याला विचारलं होतं, चेन उघडून का नाही बघितलंस? तर म्हणाला, "उघडली असती तर आत नुसतं लाकूड दिसलं असतं. मला ते बघायचं नव्हतं."

सकाळी उपासनेच्या आधी तो वहिनीच्या दारात. रात्रीचं अक्षर बोलला नाही. म्हणाला, "आज उभ्या राहा."

"भाऊजी, थट्टा करू नका. माझा आवाज गेलाय."

"गेला नाही वहिनी. खाली उतरलाय. आपण खाली उतरू."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला कळायला नको?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही आपल्याच नादात असता. असलं फक्त यांना कळायचं."

ती आत गेली, तोंड धुतलं, आणि चप्पल घालून बाहेर आली.

आता पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं. बेस नव्हताच त्या दिवशी, तो धाकट्याच्या घरी होता. मी ड्रमवर, हा गिटारवर, आणि वहिनी. गिटार खालून सुरू झाली. मी दचकलो, पण सांभाळून घेतलं. वहिनी गायला लागली. जाडसर, थकलेला आवाज. आधीचा नव्हे, दुसराच. पण अखंड. वरची ओळ जवळ आली. तिनं मान डावीकडे वळवली. थोरला उभा राहायचा तिकडे. कुणीतरी खूण केल्यासारखा श्वास घेतला. आणि ओळ पार पडली. सगळी. फाटली नाही.

चर्चमध्ये एक डोळा कोरडा नव्हता. गाणारीचेच तेवढे कोरडे.

उपासना संपली, लोक बाहेर पडले. आम्ही सामान आवरत होतो. धाकट्यानं मला हाक मारली. आवाज असा की मी काठ्या तशाच टाकून गेलो.

तो थोरल्याच्या अ‍ॅम्पपाशी, बेसचा आवाज ज्यातून बाहेर पडायचा त्या पेटीपाशी उभा होता. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. वाजवला की तापायचा. थोरला गेल्यापासून त्यावर चादर टाकलेली, आणि त्याची विजेची वायर यानंच काढून दुसरीकडे लावली होती. मागे नुसतं भोक.

"हात लाव," तो म्हणाला.

मी चादरीखाली हात घातला.

गरम होता. ऊन पडल्यासारखा नाही. सबंध उपासनाभर वाजवल्यासारखा. थंडीतून चालून आलेल्या माणसाची पाठ आतून कढत लागते ना, तसा.

वायरमन माणूस, पण पुन्हा पुन्हा मागचं ते भोकच चाचपत होता. तेवढ्यात वहिनी मागे येऊन उभी राहिली. तिनं चादर बाजूला केली, हात ठेवला. मग खाली बसली, आणि त्याच्यावर गाल टेकला.

पाळकसाहेब दार लावायला आले होते. बघून तसेच परत गेले.

तो पूर्ण गार होईपर्यंत ती उठली नाही.