सातव्या खांबाखालचं गवत

“माझ्या सासूला पुरतानासुद्धा एवढी माती लागली नव्हती,” गांचो फावडं भिंतीला टेकवत पुटपुटला. “चार दिवस बर्फाने तोच खड्डा भरतोय. आणि तो साधा खड्डासुद्धा नाही.”

“सासूबाई ऐकतील,” नेवेना म्हणाली. “चहा संपव आणि चल.”

गांचो बर्फ दाबायचं यंत्र चालवायचा, नेवेना रोपवे सांभाळायची. स्मर्चेवो गावाचा स्कीचा उतार एवढासाच. एक रोपवे, अकरा खांब, अठ्ठावन्न खुर्च्या. इथल्या हवामानाचा स्वभाव गावाला पाठ होता. डिसेंबरातला बर्फ टिकत नाही, जानेवारीत बसतो, फेब्रुवारीत समुद्राकडून उबदार वारा सुटला की खालून उतार उघडा पडत जातो. यंदाचा जानेवारी दृष्ट लागण्यासारखा होता. खाली पंचेचाळीस सेंटिमीटर, वर ऐंशी. नेवेना रोज सकाळी मोजून फळ्यावर खडूने लिहायची. सातव्या खांबाखालचं तेवढं लिहायची नाही. तिथे गवत होतं.

जागा दाराच्या फळीपेक्षा मोठी नव्हती, कडा आखल्यासारख्या सरळ, पण स्कीची वाट नेमकी तिच्यावरून जायची. शुक्रवारी जिल्ह्याचा तपासनीस येणार होता. यंदा परवाना मिळाला नाही तर खांब उपटून नेणार, असं स्पष्ट कळवलं होतं. खांब गेले की शाळा जाणार, शाळेमागून बेकरी. खांब हलू द्यायचे नाहीत, हे नेवेनाने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून ते दोघं जंगलातून ताडपत्रीत बर्फ ओढून आणायचे, ती जागा भरायचे, पायांनी चोपून काढायचे. सकाळी पुन्हा गवत.

“खाली झरा असेल,” गांचो म्हणाला.

नेवेनाने हातमोजा काढून जमिनीवर तळवा टेकवला. माती कोरडी होती आणि दगडासारखी गार. “झरा असता तर ओल नसती का?”

“मग वारा उडवत असेल.”

“वारा काय पट्टी घेऊन येतो?”

गांचोने ताडपत्री उचलली.

बुधवारी दिवसभर बर्फ पडला. प्रत्येक खुर्चीवर उशीएवढा थर साचला. एकतीस नंबरची तेवढी कोरडी होती, आणि ती त्या गवताच्या बरोबर वर लटकत होती.

गुरुवारी नेवेनाने ती मुद्दाम हलवली. रोपवे सुरू केला आणि एकतीस चौथ्या खांबाशी येताच लाल बटण दाबलं. दोर थांबला नाही. सावकाश सरकत राहिला आणि मग थांबला. एकतीस सातव्या खांबाशी. तिने तीनदा करून पाहिलं.

“ब्रेक ढिले झालेत,” गांचो म्हणाला.

“तिन्ही वेळा तिथेच?”

“मी यंत्र चालवतो, ताई. रोपवेचं मला विचारू नका.”

पूर्वी असलं काही झालं की मिल्कोला हाक मारायची. आता ते नाव कोणी काढत नसे. मेकॅनिक मिल्को मागच्या फेब्रुवारीत बहिणीकडे प्लोव्दिवला निघून गेला, असं गावाचं ठरलं होतं. तीन दिवसांच्या वादळानंतर तो दिसला नाही. वसंतात बर्फ वितळला तेव्हा उतारावरही काही सापडलं नाही. म्हणजे गेलाच असणार. बहिणीला फोन करावा, हे मात्र कोणालाच सुचलं नाही.

शुक्रवारी नेवेना उजाडताच फावडं घेऊन गेली आणि तपासनिसाची गाडी दिसेपर्यंत हात थांबवला नाही. तो आला तेव्हा उतार वरपासून खालपर्यंत पांढरा होता.

“सुरेख,” तो म्हणाला. “आता दिवसअखेरीला बंद कसा करता, तेवढं दाखवा. मग सही करतो.”

बंद करायची इथली रीत चाळीस वर्षांची. शेवटच्या माणसामागच्या खुर्चीला झाडू बांधायचा. झाडू वर पोचला की वरच्या टोकाचा म्हातारा स्पास फोनवर विचारणार, “मागे कोणी नाही?” खालून सांगायचं, “मागे कोणी नाही.” मग स्पास वरून दोर थांबवतो.

नेवेनाने एकविसाव्या खुर्चीला झाडू बांधला. तो डुलत वर निघाला. मागून रिकाम्या खुर्च्या येत गेल्या. दहावी एकतीस नंबरची.

ती समोरून गेली तेव्हा रिकामीच होती. पण कोणी टेकल्यावर दबते तशी दबली. स्प्रिंग करकरली. पुढचा दांडा आपोआप खाली आला.

गांचो बुटांकडे बघत होता. तपासनीस कागदावर तारीख घालत होता.



फोन वाजला.

“झाडू आला,” स्पास म्हणाला. “मागे कोणी नाही?”

नेवेनाने वर पाहिलं. एकतीस सातव्या खांबाशी पोचत होती. खाली, सकाळी चोपलेल्या बर्फात, गवताची एक रेघ उघडी पडली होती.

तपासनिसाने पेन सहीच्या जागी टेकवलं. “सांगा ना बाई.”

तीन शब्द. मग खांब राहणार होते.

“नेवेना?” स्पासने विचारलं. “मागे कोणी नाही ना?”

“थांबवू नका, स्पासदादा,” ती म्हणाली. “मागे मिल्को आहे. वादळ सुरू झालं त्या संध्याकाळीही झाडूमागे तो बसलेला मी पाहिला होता. थंडी फार होती, मला घरी जायचं होतं, आणि मी कोणी नाही म्हणून सांगितलं.”