एका फरशीची जागा

गडप झालेली शहरं म्हणजे थापा, असं कोण म्हणालं आत्ता? बस. ऐक.

गेल्या डिसेंबरची चौदा तारीख. रविवार. जेवण उरकून आमचा ओळंबा अंथरूण बगलेत मारून बहिणीच्या नव्या घरी झोपायला निघाला. फरशी बसवणारा माणूस. उंच, काटकुळा, गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ, म्हणून हे नाव. त्याने मला सांगितलं तसंच सांगतो. हसायचं असेल त्याने आत्ताच उठावं.

बहीण विधवा. घरावर दिराचा डोळा. "वहिनी, त्या जागेखाली अख्खं शहर गडप झालंय," तो चारचौघांत म्हणायचा. "जुनी माणसं उगाच सांगायची का? तुम्ही नका राहू तिथे. मला देऊन टाका." बहीण डगमगायला लागली.

ओळंबा म्हणाला, "मी झोपतो एक रात्र. पळून आलो तर घर दिराला. नाही आलो तर सकाळी सामान तिकडे हलव, ताई."

फरशी त्यानेच बसवलेली. एक कमी पडली होती आणि दुकान बंद. तेवढ्या जागेत नुसती माती.

झोपण्याआधी त्याने सिमेंट थापायच्या करणीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजली की उखडायची, हा त्याचा नेम. सगळ्या भरीव. वीज अजून आली नव्हती. बॅटरी विझवून तो पडला.

ठक.

खालून.

उंदीर असेल, म्हणून कूस बदलली.

ठक... ठक... एकेका फरशीखालून. ओळीने. त्याने ठोकलं होतं त्याच क्रमाने.

कुणीतरी त्याचं काम तपासत होतं.

आवाज जवळ आला. अंथरुणाशी आला. पाठीखाली आला.

थांबला.

...

"बॅटरी का नाही लावली, काका?"

तू लावली असतीस? गप्प बस.

दार हाताशी होतं. ओळंबा उठला नाही. करणी उचलली आणि जमिनीवर हाणली.

"असेल तुमचं शहर! नाही कोण म्हणतं? गडप झालं, वाईट झालं. आता वर माझी ताई राहणार. ठोकून कुणाला घाबरवता? कारागीर असाल तर काम करून दाखवा. एक फरशी कमी आहे."



मग खाली, लांबवर... पावलं. एकाची नव्हेत. पुष्कळ.

सकाळी बहीण आली, मागून दीर आला. ओळंबा बसलेला. मोकळ्या जागेत काळा, गुळगुळीत दगड. सांध्यात ब्लेडही शिरत नव्हतं. कडेने चुना. ओळंब्याने जन्मात सिमेंटशिवाय काही वापरलं नाही.

"हा तूच बसवलास," दीर म्हणाला.

"एवढं चांगलं मला येत नाही."

ताईने त्याच दिवशी संसार तिथे हलवला. दीर अजून उंबऱ्याबाहेरूनच बोलतो.

दगड मी स्वतः ठोकून पाहिलाय. भरीव वाजतो. पण वर्ष होत आलं... कडेचा चुना अजून ओला आहे. बोट लावलं की बोटाला लागतो.