बोगद्यात थांबा नाही

शहरात बस चालवणारी ती बाई त्या दुपारी नणंदेला घेऊन क्रूझर मोटरसायकल निवडायला शोरूममध्ये गेली. दोन वर्षांपूर्वी डोंगराखालच्या बोगद्यात ती मोटरसायकलवरून पडली होती. मागे कोणी नसताना कुणीतरी कमरेला धरून ओढलं, असं तिनं सांगितलं, तेव्हा घरच्यांनी तिला वेड्यात काढलं. गुडघा सांधला, भीती मात्र ठाण मांडून बसली होती.

दोन गाड्या समोर होत्या. एक लालभडक, क्रोमनं लखलखणारी. दुसरी करडी, साधी.

"वहिनी, लालच घे. कशी नवरीसारखी नटलीय बघ!"

"मला सोबतीण हवीय, वन्सं. नवरी घेऊन काय करू?"

तरी आधी तिनं लालच काढली. सीट ऐसपैस, पाय पुढे पसरलेले. सोफ्यावर बसल्याचं सुख. ट्रायलचा रस्ता नेमका त्याच बोगद्यातून जात होता. आत ओल्या दगडाचा आणि जळक्या तेलाचा वास. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. वळणाआधी तो एकाएकी दबला. मागचं चाक जड झालं... आणि कमरेभोवती दोन हात आले. गारढोण.

लांबलचक गाडी वळेना. भिंत अंगावर येऊ लागली. कसाबसा ब्रेक दाबून तिनं गाडी फिरवली आणि उजेडाकडे सुसाट सुटली.

तिचा पांढराफटक चेहरा बघून नणंदेनं तिचा हात धरला. "राहू दे गं वहिनी. घरी जाऊ."

ती घटाघटा पाणी प्यायली. "आज घरी गेले, तर जन्मभर वेडीच ठरेन." मग सेल्समनकडे वळली. "करडी द्या."

करडीवर आराम बेताचाच होता, पण हँडल हाताशी, पाय अंगाखाली, गाडी मुठीत. पुन्हा तोच बोगदा. पुन्हा तोच वास. वळण जवळ आलं, आवाज दबला आणि हात आले. या वेळी कानाशी कुजबुजही...

"थांब ना... उतरायचंय मला..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हे वाक्य तर ती रोज बसमध्ये ऐकायची! सवयीनंच तोंडून गेलं,

"मध्ये थांबा नाही. घट्ट धरा, बाहेर सोडते."

हात क्षणभर थबकले. मग त्यांनी तिला धरलं. ओढलं नाही, नुसतं प्रवाशासारखं धरलं. तिनं अंग झुकवलं आणि करडी शहाण्यासारखी वळली.

बाहेर लख्ख ऊन होतं. मागचं ओझं अलगद उतरलं. कुणीतरी लांब सुस्कारा सोडला. ती मोठ्यानं हसली, रडली, हॉर्न वाजवत सुटली. परतताना बोगद्यात चिटपाखरूही नव्हतं. शोरूममध्ये पाऊल टाकताच म्हणाली, "हीच!"

करडी घरी न्यायच्या दिवशी नणंद ऐटीत मागे बसली. गप्पा मारत दोघी बोगद्यात शिरल्या. वळणावर नणंदेनं बोलता बोलता भिंतीकडे वळून पाहिलं. बाहेर उन्हात आल्यावर तिनं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी... आत भिंतीला लागून इतकी माणसं रांगेत कशाला उभी होती गं?... पुढची गाडी कधी येणार, विचारत होती..."