मोटार गेली का?

रेमी, ते दार नुसतं लोटू नको, कडी घाल. आणि मागाली, तो फोन उलटा ठेव बघू, उजेड डोळ्यात जातो माझ्या. भुताची गोष्ट हवी ना? मग मधे मधे खिदळायचं नाही. मी स्वतः भूतबित मानत नाही. पण आन्सेल्म लकोदे खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं बोलायला लागते तेवढी अक्कलच नव्हती बिचाऱ्याला, देव त्याचं भलं करो.

दोन हजार सतरा साल. जूनची पंधरा तारीख, गुरुवार. आन्सेल्मची गाय अडली होती, म्हणून त्यानं पलीकडच्या वाडीवरून वासरू ओढायचा दोर आणला होता. गाय सुटली, कालवड झाली. संध्याकाळी तो दोर परत द्यायला गेला. तिथं सफरचंदाच्या सायडरचा एक पेला झाला, मग दुसरा झाला. दोनच. मी नंतर चौकशी केली, तेव्हा प्यायला होता असं म्हणू नका. त्याची बायको फेब्रुवारीत गेली होती. रिकाम्या घरात पाय टाकायचं जिवावर यायचं त्याच्या. म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, क्रोआ-पेलच्या तिठ्यावरून परतायचा.

तो तिठा तुम्हाला ठाऊक आहे. दगडी क्रूस, दोन्हीकडे गाडीहून उंच कुंपणाची झाडी. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडीच्या दिव्यात एक माणूस दिसला. डोक्यावर लोखंडी टोप, जुना लष्करी वेश, उजवा हात डावीकडच्या रस्त्याकडे ताणलेला. आन्सेल्म दचकलासुद्धा नाही. जूनमधे आपल्याकडे, लढाईची आठवण म्हणून, शहरातले हौशी लोक शिपायांचे कपडे घालून, जुन्या जीपा उडवत हिंडतातच की. त्याला वाटलं, त्यातलाच एखादा चुकला असेल. त्यानं काच खाली केली.

"काका, मोटार गेली का हो?"

बोली आपलीच, पण पणजोबांच्या वेळची. कॅनडातले, क्यूबेककडचे लोक बोलतात ना, तशी.

"कुठली मोटार रे बाबा?"

"मोठ्या साहेबांची. आघाडी बघायला येणार होते. वळण दाखवायला मला ठेवलंय. मोटार गेली की सुटी."

आन्सेल्मला वाटलं, नाटक चाललंय. आणि नॉर्मंडीच्या माणसाला सरळ प्रश्न विचारला तर तो काय उत्तर देणार? अरे, आपण पावसात चिंब भिजून उभे असलो आणि कुणी विचारलं, पाऊस पडतोय का, तरी आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघू. कुणाला धड हो म्हणायचं नाही, कुणाला धड नाही म्हणायचं नाही. साऱ्या मुलखाची खोड आहे ती. आन्सेल्म म्हणाला, "गेली असेलही, नसेलही."

तो पोरगा क्षणभर बघत राहिला. कोवळं तोंड, वीस-एकवीसचं. मग म्हणाला, "असं होय. मग थांबतो मी."

आन्सेल्मनं गाडी पुढे काढली. दहा पावलं गेल्यावर आरशात पाहिलं. क्रूस होता. रस्ता होता. माणूस नव्हता...

पावणेबाराला त्यानं माझं दार ठोठावलं. मला वाटलं, कालवड दगावली. पण त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी त्याला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. कारण ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या आईची होती ती.

चव्वेचाळीस सालच्या जूनची, पंधरा तारखेची गोष्ट. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. दोस्तांच्या फौजा किनाऱ्यावर उतरून आठवडा उलटला होता आणि मोठमोठी माणसं लढाई बघायला येत होती. आज हा, उद्या तो. पुढे फोटोवाले, मागे धूळ. अशाच एका साहेबासाठी क्यूबेकच्या एका पोराला सकाळी तिठ्यावर उभं केलं. हुकूम असा, की मोटार जाईपर्यंत हलायचं नाही, नंतर ट्रक येऊन घेऊन जाईल. पण ऐनवेळी मोटार किनाऱ्याच्या रस्त्यानं गेली, भर दुपारी. आईनं ती डोळ्यांनी पाहिली. पोराला सांगायची आठवण कुणाला राहिली नाही. साहेब आले नि गेले, पोरगं उभंच.

संध्याकाळी आई लाकडी बूट खडखडवत त्याला दूध घेऊन गेली. एकोणीस वर्षांची होती. त्यानं विचारलं, "ताई, मोटार गेली का हो?" आता चार वर्षं जर्मनांच्या राज्यात काढलेली माणसं ती. वर्दीवाल्यानं विचारलं की हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, एवढं गाव शिकलं होतं. त्यात जीभ मुळात आपलीच. आई म्हणाली, "गेली असेलही, नसेलही." तो दूध प्यायला, हसला आणि थांबला. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी विमानातून तिठ्यावर बॉम्ब पडला.

माझी आई सत्त्याऐंशी साली गेली. शेवटचे चार दिवस दुसरं काही बोलली नाही. "हो म्हणायला हवं होतं रे. एकच तर शब्द होता." मी तिचा हात धरून बसलो होतो, पण तिला मी दिसतच नव्हतो.

हे सगळं मी आन्सेल्मला सांगितलं. तो ढसाढसा रडायला लागला. "म्हणजे मीही त्याला तिथंच ठेवून आलो. त्र्याहत्तर वर्षांत त्यानं कुणाला विचारलं असेल, तर मला. आणि मी..."

दुसऱ्या रात्री तो तिठ्यावर गेला. तिसऱ्या, चौथ्या रात्रीही गेला. कुणी नाही. मग त्यानं वर्षभर वाट पाहिली. मी म्हटलं होतं, मीही येईन. पण नेमका त्या रात्री माझा गुडघा दुखायला लागला. हसू नकोस मागाली. भ्यालो होतो मी, दुसरं काय.

दोन हजार अठरा. पंधरा जून, शुक्रवार. आन्सेल्म एकटाच गेला. गाडी बंद केली. दिवे बंद केले. काच खाली.

झाडीत पान हलत नव्हतं.

अकरा वाजून वीस मिनिटं.

मग... अगदी काचेशी...

"काका, मोटार गेली का हो?"

आन्सेल्मनं आवाजाकडे मान वळवली.

"काका?"

"हो."

...

"हो. गेली. केव्हाच गेली पोरा."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं हात खाली केला. हळूहळू. आखडलेला हात दुखतो ना, तसा. मग अंधारात इकडेतिकडे बघून म्हणाला, "मला न्यायला ट्रक येणार होता."

"मी आलोय ना," आन्सेल्म म्हणाला. "बस."

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण गाडी एका बाजूला दबली.

पोरगा ज्या किनाऱ्यावर उतरला होता, तो समुद्र तिथून सहा किलोमीटर. आन्सेल्मनं शेजारी पाहिलं नाही. गार वाटत होतं, एवढंच. वाटेत एकदाच आवाज आला. "आमच्याकडे गवत कापायला आलं असेल आता."

"हो," आन्सेल्म म्हणाला.

ओहोटी होती. त्यानं गाडी थेट वाळूत नेली. उतरून पलीकडचं दार उघडलं. कुणी उतरताना दिसलं नाही... गाडी तेवढी वर उचलली गेली.

तिथून तो तडक माझ्याकडे आला. या वेळी मी गुडघ्याचं नाव काढलं नाही. टॉर्च घेऊन आम्ही दोघं वाळूत गेलो. गाडी जिथं उभी होती, तिथून बुटांचे ठसे निघत होते. खिळ्यांचे बूट. सरळ समुद्राकडे. परत आलेला एकही नाही.

आम्ही ठशांच्या कडेनं चालत राहिलो. तीस पावलं. चाळीस.

आन्सेल्मनं माझी बाही धरली.

बुटांच्या शेजारी दुसरे ठसे होते. ते कुठूनही आलेले नव्हते. मधेच, कोऱ्या वाळूत सुरू झाले होते. लहान. लाकडी बुटांचे. लढाईच्या काळात आपल्याकडच्या बाया घालायच्या, तसले. पन्नास वर्षांत इथं ते कुणाच्या पायात मी पाहिलेले नाहीत.

"बाईमाणसाचे आहेत ना रे?" आन्सेल्मनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिथून पुढे दोघांचीही पावलं. शेजारी शेजारी... पाण्यापर्यंत.